निषेधाचें मूळ : इंग्लंडांतील सायकल-मंडळें व रस्त्यावरील शर्यती

(१)

एखादा निषेध पुष्कळ वर्षें पाळला गेला म्हणजे तो मूळ कोणीं घातला हें लोक विसरतात, आणि ज्या अर्थीं तो पाळला जात आहे त्या अर्थीं तो राजाज्ञेनें किंवा शास्त्राज्ञेनेंच घातलेला असला पाहिजे, असें गृहीत धरून चालतात. अशा निषेधाच्या मुळाशीं जाऊन तेथें खरोखर आज्ञा आहे कीं नुसती वहिवाट आहे, हें निवडून दाखविणें हें इतिहास-संशोधकाचें एक कर्तव्य आहे. वतनें, मानपान, देवस्थानांचे अधिकार यांच्या बाबतींत आपल्याकडील संशोधकांनीं हें काम पुष्कळ केलें आहे. प्रस्तुत निबंधासाठीं आम्हीं घेतलेला विषय त्या मानानें किरकोळ वाटण्याचा संभव आहे. कारण तो राज्यांचा नसून सायकलींचा आहे, आणि त्याचें क्षेत्रहि महाराष्ट्र नसून इंग्लंड आहे. परंतु निषेध कसा जन्मास येतो, कसा वाढतो व कसा मोडतो, याचें इतकें स्वच्छ व साल-तारखांनिशीं दाखवितां येण्याजोगें उदाहरण क्वचितच सांपडतें. म्हणून तें वाचकांपुढें ठेवावें असें वाटलें.

प्रश्न असा. फ्रान्स, बेल्जम, इटली या देशांत सायकलींच्या मोठ्या शर्यती सार्वजनिक रस्त्यांवरून, पन्नास-शंभर स्वार एकत्र सुटून, गांवोगांवच्या लोकांसमक्ष होत आल्या. इंग्लंडांत मात्र उणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकापासून १९४२ पर्यंत वाहत्या रस्त्यावर अशी शर्यत बहुधा झालीच नाहीं. असें कां? 'इंग्रजी कायद्यानें मनाई होती' असें उत्तर सामान्यतः देण्यांत येतें. हें उत्तर चुकीचें आहे. कायद्यानें मनाई नव्हती. मनाई होती ती सायकलस्वारांच्याच संस्थांनीं आपणां स्वतःस घातलेली होती.

(२)

प्रथम या मंडळांचें स्वरूप सांगितलें पाहिजे. ज्यांस इंग्लंडांत 'सायक्लिंग क्लब' म्हणतात तीं मंडळें सरकारनें काढलेलीं नाहींत, कीं कोणा धनिकानें पोसलेलींहि नाहींत. एका गांवचे किंवा शहराच्या एका भागाचे लोक एकत्र येऊन, अल्प वर्गणी जमवून तीं चालवीत आले. लंडनचें पिकविक मंडळ १८७० सालचें, लिव्हरपूलचें अ‍ॅनफील्ड मंडळ १८७९ सालचें, उत्तरेच्या हमरस्त्यावरून नांव घेतलेलें नॉर्थ रोड मंडळ १८८५ सालचें, व लंडनच्या दक्षिणेकडील कॅटफर्ड मंडळ १८८६ सालचें. १८९४ सालीं बर्मिंगहॅम येथें कांहीं तरुणांनीं 'क्लॅरियन' या समाजवादी वृत्तपत्राच्या नांवानें एक मंडळ स्थापिलें. त्याच्या शाखा पुढें देशभर पसरल्या, आणि रविवारीं सायकलीवरून खेडोपाडीं जाऊन पत्रकें वांटणें हा त्यांचा नित्यक्रम होऊन बसला.

मंडळाचें जीवन साधें असे. आठवड्यांतून एकदां संध्याकाळीं सभासद एका खोलींत जमत. रविवारीं कप्तानाच्या मागोमाग रांगेनें बाहेर पडावें, ठरलेल्या ठिकाणीं चहा घ्यावा, नव्या मुलास वारा लागूं नये म्हणून त्यास मधल्या रांगेंत घ्यावें, कोणाची सायकल नादुरुस्त झाल्यास सर्वांनीं थांबावें, अशी रीत. हातकारखान्यांतला कारागीर, दुकानांतला कारकून व शाळामास्तर येथें एका रांगेंत चालत. शर्यतींत उतरणारे गडी याच रांगेंतून निघत. त्यांच्यासाठीं वेळ मोजणारा, वळणावर उभा राहून वाट दाखविणारा, सुटण्याच्या वेळीं खोगीर धरून उभा राहणारा, हे सर्व त्याच मंडळाचे सभासद, आणि सर्व बिनमोबदला. कॅटफर्ड मंडळानें १८८७ सालीं सुरू केलेली टेकडी चढण्याची शर्यत आणि अ‍ॅनफील्ड मंडळानें १८८९ सालीं सुरू केलेली शंभर मैलांची शर्यत यांची परंपरा अशाच लोकांनीं पुढें चालविली.

(३)

आरंभीं इंग्रज स्वार या विद्येंत कोणाहून मागें नव्हते. ७ नोव्हेंबर १८६९ रोजीं पॅरिस ते रूअँ ही गांवाहून गांवास जाणारी पहिली मोठी शर्यत झाली. ती जेम्स मूर या इंग्रजानें जिंकली. १८९१ च्या मे महिन्यांत बोर्दो ते पॅरिस ही साडेतीनशें मैलांहून लांबीची शर्यत प्रथम झाली, तींत जॉर्ज पिल्किंग्टन मिल्स हा पहिला आला व त्याच्या पाठोपाठचे तिघेहि इंग्रजच होते. मिल्स हा वर सांगितलेल्या अ‍ॅनफील्ड व नॉर्थ रोड मंडळांचाच सभासद. म्हणजे मंडळांच्या शिस्तींत वाढलेले लोक युरोपांतील अग्रगण्य स्वार होते. पुढें पन्नास वर्षांत ही स्थिति अगदीं पालटली. ती कां पालटली हें समजण्यासाठीं त्या वेळच्या रस्त्यांकडे व कायद्याकडे पाहिलें पाहिजे.

सायकल हें नवें वाहन. घोडे तिला बुजत, गाडीवान तिच्यावर चिडत, आणि न्यायाधीशांस ती कोणत्या सदरांत घालावी हें कळत नसे. १८७९ सालीं टेलर विरुद्ध गुडविन या खटल्यांत असा निकाल झाला कीं, बेफाम गाडी हांकण्याबद्दलचा जो जुना कायदा आहे त्यापुरती सायकल ही गाडीच होय. पुढें १८८८ च्या स्थानिक कारभाराच्या कायद्यांत सायकली या गाड्या आहेत असें स्पष्ट लिहिलें गेलें, आणि गांवोगांवचे निरनिराळे निर्बंध रद्द झाले. या कलमामुळें सायकलस्वारास रस्त्यावर गाडीवानाइतकाच हक्क मिळाला. त्याबरोबर पुढच्यास ओलांडतांना घंटा वाजविण्याचें बंधनहि आलें.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. बेफाम चालविणें हा गुन्हा होता. शर्यत लावणें हा गुन्हा म्हणून कोठें लिहिलेला नव्हता. तथापि हक्क नवा होता, आणि नवा हक्क मिळालेल्यास तो जाईल कीं काय अशी भीति सदैव वाटते. नॅशनल सायक्लिस्ट्स युनियन ही संस्था १८७८ सालीं बायसिकल युनियन या नांवानें स्थापन झाली होती व १८८३ सालीं तिनें हें नवें नांव घेतलें. सायकलस्वारांचे रस्त्यावरील हक्क राखणें व शर्यतींचें नियमन करणें, अशीं दोन कामें तिच्याकडे होतीं. या दोन कामांत जेथें विरोध आला तेथें तिनें पहिलें काम श्रेष्ठ मानलें.

(४)

२१ जुलै १८९४ रोजीं नॉर्थ रोड मंडळाची पन्नास मैलांची शर्यत चालली होती. उत्तरेच्या हमरस्त्यावर कांहीं स्वार एका घोडागाडीजवळून जात असतां घोडा बुजला व स्वार एकमेकांवर आदळून पडले. गाडींत एक स्त्री होती; तिनें पोलिसांकडे तक्रार केली, आणि त्या भागांतील पोलिसांनीं आपल्या हद्दींत शर्यती होऊं न देण्याचें ठरविलें. पडलेल्यांत फ्रेडरिक टॉमस बिडलेक हा नामांकित स्वार होता. याचें नांव पुढें पुन्हा येणार आहे.

रस्त्यावरील शर्यतींविषयीं युनियन आधींपासूनच साशंक होती. त्याच दशकांत तिनें सर्व रस्त्यावरील शर्यतींस आपला पाठिंबा काढून घेतला व मंडळांनीं बंदिस्त वर्तुळाकार धांवपट्टीवरच शर्यती कराव्या असें फर्मान काढलें. तिची विचारसरणी सरळ होती. चार स्वारांच्या शर्यतीमुळें लोक चिडले, तर पार्लमेंट सर्व स्वारांचा हक्क काढून घेईल. तेव्हां सर्वांच्या हक्कासाठीं चौघांनीं आपली हौस सोडावी. त्या काळाच्या दृष्टीनें या विचारांत वावगें कांहींच नव्हतें. आम्ही युनियनला दोष देण्यासाठीं हें लिहीत नाहीं. परंतु ही आज्ञा कोणाची होती, हें मात्र निश्चित नमूद केलें पाहिजे. ती पार्लमेंटची नव्हती, न्यायालयाची नव्हती. ती भीतीपोटीं केलेली एक तजवीज होती.

(५)

शर्यतीची हौस मात्र गेली नाहीं. बिडलेकनें एक युक्ति काढली. ५ ऑक्टोबर १८९५ रोजीं नॉर्थ रोड मंडळानें पन्नास मैलांची एक निराळ्या धर्तीची शर्यत केली. तींत स्वार एकत्र न सुटतां ठराविक अंतरानें एकामागून एक सुटले. प्रत्येकाचा वेळ घड्याळावर मोजावयाचा, कोणी कोणाच्या आडोशास राहावयाचें नाहीं, आणि ज्याचा वेळ कमी तो विजयी. इंग्रजींत हिला 'टाइम ट्रायल' म्हणतात. आम्ही येथें तीस एकाकी शर्यत म्हणूं, आणि सर्वांनीं मिळून सुटण्याची जी, तीस घोळक्याची शर्यत म्हणूं.

या युक्तीचें मर्म असें कीं, रस्त्यावरून पाहणाऱ्यास शर्यत चालली आहे हें कळूंच नये. एकटा माणूस वेगानें सायकल हांकीत गेला, एवढेंच दिसावें. यासाठीं जे नियम पुढें रूढ झाले ते एखाद्या गुप्त कटास शोभण्यासारखे आहेत. शर्यत पहाटे, रस्ते निर्जन असतां व्हावी. स्वारानें मानेपासून घोट्यापर्यंत काळे कपडे घालावे. शर्यतीच्या मार्गाचें नांव छापूं नये. त्यास अक्षर व आंकडा मिळून एक सांकेतिक खूण असावी. आमंत्रणपत्रावर 'खासगी व गोपनीय' असें लिहावें. वृत्तपत्रांनीं शर्यत होऊन गेल्यावर तिची बातमी द्यावी, आधीं देऊं नये. अशा रीतीनें दर रविवारीं पहाटे इंग्लंडच्या रस्त्यांवर शेंकडों काळे स्वार मिनिटामिनिटाच्या अंतरानें धांवत, आणि त्यांच्या मंडळाबाहेरच्या कोणास त्याची वार्ताहि नसे.

दोन शर्यतींतला भेद केवळ सुटण्याच्या रीतीचा नाहीं. वेगानें जाणाऱ्या सायकलस्वाराची बहुतेक शक्ति हवा कापण्यांत खर्च होते. घोळक्यांत जो पुढें असतो तो हवा कापतो व मागचे त्याच्या आडोशास श्रम वांचवितात. म्हणून तेथें कोणीं केव्हां पुढें व्हावें, कोणाच्या मागें दडावें, कोणत्या चढावर सर्वांस सोडून निसटावें, आपल्या मंडळाच्या गड्यासाठीं दुसऱ्यानें किती झिजावें, हें सगळें एक स्वतंत्र शास्त्र होऊन बसतें. आपल्याकडील मुंबई-पुणें सायकल-शर्यत ज्यांनीं पाहिली आहे त्यांस हें सांगणें नको. बोरघाटांत जो प्रथम माथ्यावर येतो त्यास 'घाटाचा राजा' म्हणतात, आणि घाट चढतांना घोळका कसा फुटतो हें पाहण्यासाठीं लोक तेथें उभे असतात. एकाकी शर्यतींत यांतलें कांहींच नाहीं. तींत माणूस, रस्ता व घड्याळ एवढेंच. तें तप आहे, युद्ध नव्हे. इंग्लंडानें पन्नास वर्षें तप केलें, आणि तेवढ्या काळांत युरोपानें युद्धाची कला वाढविली. १९०३ सालीं फ्रान्सची प्रदक्षिणा करणारी 'टूर द फ्रान्स' ही शर्यत सुरू झाली. तींत इंग्रज स्वार प्रथम उतरले ते १९३७ सालीं, चार्ल्स हॉलंड व बिल बर्ल हे दोघे. आणि दोघांपैकीं कोणीहि शेवटपर्यंत पोंचला नाहीं. बोर्दो-पॅरिसचे पहिले चार क्रमांक आणि हा निकाल यांच्यामध्यें शेहेचाळीस वर्षांचें अंतर आहे.

(६)

आतां या कथेंतील सर्वांत बोधप्रद भाग येतो. आरंभीं एकाकी शर्यतहि युनियनच्या दृष्टीनें निषिद्धच होती. ती चालविणारीं मंडळें म्हणजे बंडखोर. त्यांनीं १९२२ सालीं आपली 'रोड रेसिंग कौन्सिल' स्थापिली व हळूहळू एकाकी शर्यतींस व्यवस्थित नियम घालून दिले. १९३७ सालीं तीस 'रोड टाइम ट्रायल्स कौन्सिल' असें रूप आलें, आणि युनियननेंहि अखेर या शर्यतींस मान्यता दिली. म्हणजे बंड यशस्वी झालें. परंतु जे काल बंडखोर होते तेच आज निषेधाचे राखणदार झाले. पहाट, काळे कपडे, गुप्त मार्ग हीं सर्व मुळांत निषेध चुकविण्याचीं साधनें होतीं. आतां तींच खेळाचें स्वरूप ठरलीं, आणि त्यांविरुद्ध वागणें हा अपराध ठरला.

बिडलेकचा अंतहि येथेंच नमूद करणें उचित होईल. १९३३ च्या ऑगस्टांत तो सायकलवरून जात असतां त्यास मोटारीचा धक्का लागला व पुढच्या महिन्यांत तो वारला. ज्या रस्त्यावर घोडा बुजल्यामुळें निषेधास जोर आला, त्या रस्त्यावर आतां घोडे फारसे उरले नव्हते. निषेध मात्र उरला होता.

(७)

पर्सी स्टॅलर्ड याचा जन्म १९०९ सालीं वुल्व्हरहॅम्प्टन येथें झाला. हें बर्मिंगहॅमजवळचें कारखान्यांचें शहर. बापाचें सायकलींचें दुकान, व स्वतः गांवच्या वुल्व्हरहॅम्प्टन व्हीलर्स मंडळाचा सभासद. जागतिक अजिंक्यपदाच्या शर्यती युरोपांत घोळक्याच्याच पद्धतीनें होत, व त्यांसाठीं युनियन आपले गडी पाठवी. स्टॅलर्ड १९३३ सालीं फ्रान्समधील माँलेरी येथें अकरावा व १९३४ सालीं जर्मनींतील लाइप्झिग येथें सातवा आला. घोळक्याच्या शर्यतीचा अभ्यास करण्यास स्वदेशीं जागा नसतां मिळविलेलें हें यश लहान नव्हे. पण खरी शर्यत कशी असते हें त्यास तेथेंच कळलें, आणि आपल्या देशांत जें चालतें तें अपुरें आहे हेंहि कळलें. १९३६ सालीं मॅन बेटावर रस्ते बंद करून घोळक्याची शर्यत झाली, तींत तोहि होता. रस्ते बंद करून जें साधतें तें मुख्य भूमीच्या वाहत्या रस्त्यांवर कां साधूं नये, असा त्याचा प्रश्न होता.

दुसऱ्या महायुद्धानें या प्रश्नास धार आली. पेट्रोल मोजून मिळूं लागलें. मोटारी कमी झाल्या व रस्ते ओस पडले. डिसेंबर १९४१ मध्यें स्टॅलर्डनें युनियनला पत्र लिहून अशी शर्यत भरविण्याची ही योग्य वेळ असल्याचें कळविलें. युनियननें नकार दिला. तेव्हां त्यानें जी गोष्ट केली ती इतकी साधी आहे कीं पन्नास वर्षांत ती कोणासच कशी सुचली नाहीं याचें नवल वाटतें. ज्या रस्त्यांवरून शर्यत जावयाची तेथील पोलीस अधिकाऱ्यांसच त्यानें विचारलें. त्यांची हरकत निघाली नाहीं. उलट त्यांनीं साह्य देऊं केलें. ज्या पोलिसांच्या भीतीनें निषेध उभा राहिला होता, त्यांच्याकडे जाऊन ती भीति खरी आहे कीं नाहीं हें एकदां विचारणें, एवढाच स्टॅलर्डचा पराक्रम. पण आमच्या मतें पराक्रम हाच.

७ जून १९४२ रोजीं, रविवारीं, वेल्समधील लॅनगॉलेन या गांवाहून सुमारें ४० स्वार एकत्र सुटले आणि एकोणसाठ मैलांवरील वुल्व्हरहॅम्प्टनकडे निघाले. शर्यतीचें उत्पन्न तेथील वृत्तपत्रानें सैनिकांच्या सुखसोयींसाठीं काढलेल्या फंडास द्यावयाचें होतें. शेवटीं वेस्ट पार्कजवळ हजाराहून अधिक लोक जमले होते. वुल्व्हरहॅम्प्टनचाच अल्बर्ट प्राइस पहिला आला. ज्या लोकक्षोभाचा पन्नास वर्षें धाक घातला गेला होता, तो कोठेंच दिसला नाहीं. लोक आले ते टाळ्या वाजविण्यासाठीं आले.

(८)

शिक्षा मात्र झाली. स्टॅलर्ड, त्याचे साहाय्यक व शर्यतींत उतरलेले स्वार यांस युनियन व कौन्सिल या दोहोंनीं आपल्या शर्यतींतून बाद केलें. ही शिक्षा कागदावर लहान दिसते. पण ज्याचें सारें मित्रमंडळ, रविवारची सहल, आठवड्याची बैठक व वार्षिक भोजन हें सर्व एका मंडळाशीं निगडित आहे, त्यास तींत जातिबहिष्काराचा अंश होता. त्याच्याशीं शर्यत करणाराहि दोषी ठरे. आपल्याकडे ग्रामण्य म्हणजे काय हें ज्यांस ठाऊक आहे त्यांस याची अधिक फोड करून सांगावयास नको. मंडळामंडळांत फूट पडली व एका गांवचे सायकलस्वार एकमेकांशीं बोलेनासे झाले.

बहिष्कृतांनीं १९४२ च्या नोव्हेंबरांत बक्स्टन येथें जमून 'ब्रिटिश लीग ऑफ रेसिंग सायक्लिस्ट्स' ही संस्था स्थापिली. १९४५ च्या ऑगस्टांत, युद्ध संपतां संपतां, या लीगनें ब्रायटनहून ग्लासगोपर्यंत अनेक दिवसांची शर्यत भरविली. १९५१ पासून ब्रिटनच्या प्रदक्षिणेच्या शर्यती वृत्तपत्रांच्या आश्रयानें होऊं लागल्या. १९५५ सालीं ब्रायन रॉबिन्सन हा फ्रान्सची प्रदक्षिणा पुरी करणारा पहिला इंग्रज झाला, व १९५८ सालीं त्यानें तींतील एक टप्पा जिंकला. त्याच्या पुढच्याच वर्षीं, १९५९ सालीं, युनियन व लीग या एकत्र होऊन 'ब्रिटिश सायक्लिंग फेडरेशन' झाली. एकाकी शर्यतींची संस्था मात्र स्वतंत्रच राहिली व आजहि स्वतंत्र आहे.

यानंतर १९६० सालीं सरकारनें रस्त्यावरील सायकल-शर्यतींविषयीं रीतसर नियम लागू केले. त्यांनीं शर्यती बंद केल्या नाहींत. पोलिसांस पूर्वसूचना, स्वारांच्या संख्येची मर्यादा वगैरे अटी घालून त्यांस परवानगी दिली. म्हणजे ज्या राजाज्ञेच्या नांवावर निषेध चालला होता ती आज्ञा अखेर आली, ती निषेधाची नव्हे तर अनुज्ञेची. यावरून आमचें पहिलें विधान सिद्ध होतें.

स्टॅलर्डला मात्र या समेटांत समाधान नव्हतें. लीगचें विसर्जन त्यास विश्वासघातच वाटला. आणि त्याच्या तिखट जिभेमुळें त्यापूर्वींच त्याचें स्वतः काढलेल्या संस्थेशींहि बिनसलें होतें. तो २००१ सालीं, ब्याण्णव वर्षांचा होऊन वारला. ज्या गुणांनीं माणूस निषेध मोडतो ते गुण पुष्कळदां समेटाच्या उपयोगीं पडत नाहींत, हें इतिहासांत नवें नाहीं.

(९)

आतां निष्कर्ष. पूर्वमीमांसेंत स्मृतिप्रामाण्याचा विचार आला आहे. स्मृतींत एखादा नियम आढळला व त्यास आधारभूत श्रुति आढळली नाहीं, तर ती श्रुति लुप्त झाली असावी असें अनुमान करावें, असा सामान्य न्याय. परंतु जैमिनीनें लागलीच त्यास अपवाद जोडला आहे : जेथें नियमाचा लौकिक हेतु उघड दिसतो तेथें श्रुतीचें अनुमान करूं नये. भाष्यकार शबरस्वामी उदाहरण देतो तें असें कीं, एका होमांतील वस्त्र अध्वर्यूनें घ्यावें असें सांगणारें स्मृतिवचन आहे. त्याच्या मुळाशीं लोभ दिसतो. मग त्यामागें वेद कशाला कल्पावा? हा न्याय केवळ यज्ञापुरता नाहीं. इंग्लंडांतील निषेधाच्या मुळाशीं भीति हा हेतु उघड दिसत होता. तरीहि लोकांनीं त्यामागें कायदारूपी श्रुति कल्पिली, आणि ती कधीं उघडून पाहिली नाहीं. लोभानें केलेल्या नियमापेक्षां भीतीनें केलेला नियम अधिक टिकतो. कारण लोभाची लाज वाटते, भीतीस मात्र शहाणपण हें नांव मिळतें.

पण येथें थांबणें न्यायाचें होणार नाहीं. निषेधामुळें कांहीं हानि झाली तसें कांहीं निर्माणहि झालें. एकाकी शर्यत ही आडवाट म्हणून निघाली खरी, पण तिनें मंडळांत एक निष्ठेची परंपरा वाढविली. तींत गर्दी नाहीं, टाळ्या नाहींत. केवळ स्वतःच्या मागील वेळाशीं झुंज. यॉर्कशायरमधील मॉर्ली येथील मंडळाची सभासद बेरिल बर्टन ही रूबार्बच्या मळ्यांत अंगमेहनतीचें काम करी, आणि सुटीच्या दिवशीं शर्यतींत उतरे. १९५९ पासून १९८३ पर्यंत ओळीनें पंचवीस वर्षें ती एकाकी शर्यतींत स्त्रियांमध्यें वर्षाची सर्वश्रेष्ठ ठरली. १९६७ सालीं बारा तासांच्या शर्यतींत तिनें २७७.२५ मैल कापले. त्याच शर्यतींत पुरुषांचा नवा उच्चांक करणाऱ्या स्वारास तिनें वाटेंत गांठून मागें टाकलें, आणि जातां जातां आपल्या खिशांतली एक गोळी त्याच्या हातीं ठेवली. १९९६ सालीं ती सायकलवरून आपल्या वाढदिवसाचीं आमंत्रणें वांटीत असतांनाच वारली. निषेध नसता तर ही परंपरा इतकी खोल गेली असती असें म्हणवत नाहीं. २०१२ सालीं ब्रॅडली विगिन्स हा फ्रान्सची प्रदक्षिणा जिंकणारा पहिला ब्रिटिश स्वार ठरला, आणि त्या शर्यतींतील दोन्ही मोठे एकाकी टप्पे त्यानेंच जिंकले. बिडलेकची पहाट व स्टॅलर्डचा घोळका हे दोन प्रवाह तेथें एकत्र आलेले दिसतात.

तेव्हां आमचें म्हणणें इतकेंच आहे. १८९४ सालचे लोक मूर्ख नव्हते. त्यांच्या रस्त्यावर घोडे होते व त्यांचा हक्क कोंवळा होता. चूक त्यांच्या नंतरच्यांची, कीं ज्यांनीं घोडे गेल्यावरहि घोड्यांसाठीं घातलेला नियम पाळला, आणि तो न पाळणाऱ्यास पंक्तीबाहेर बसविलें. प्रत्येक पिढीस वारशानें नियम मिळतात. त्यांचीं कारणें मात्र वारशानें मिळत नाहींत, तीं शोधावीं लागतात. तीं शोधण्याचें काम राजाचें नाहीं कीं न्यायाधीशाचेंहि नाहीं. तें इतिहासाचें आहे. आणि कधीं कधीं तें एखाद्या सायकलच्या दुकानांतल्या माणसाकडून, नुसता एक प्रश्न विचारल्यानें, होऊन जातें. इत्यलम्.